चालू एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) व्हॉल्यूम डेटा न हलवता मिरर (दुसऱ्या डिस्कवर तंतोतंत प्रत) करता येतो का, आणि पुन्हा एकेरी?

हो, आणि माउंट (वापरात) असतानाच. नवीन डिस्कवर आधी पीव्हीक्रिएट (डिस्क एलव्हीएमसाठी तयार करणारी आज्ञा), मग व्हीजीएक्स्टेंड (ती व्हॉल्यूमच्या गटात घेणारी आज्ञा) चालवा. त्यानंतर:

एलव्हीकन्व्हर्ट --टाइप रेड1 -एम 1 व्हीजी0/डेटा /डेव्ह/एसडीबी1

इथे व्हीजी0/डेटा हा व्हॉल्यूम, /डेव्ह/एसडीबी1 ही नवी डिस्क; '-एम'नंतरचा 1 म्हणजे मूळ प्रतीखेरीज आणखी एक, एकूण दोन. 2 दिलेत तर तीन प्रती होतील.

बहुतेकांचं इथेच अडतं: नव्या डिस्कवर भरपूर जागा असूनही रूपांतर नाकारलं जातं. कारण प्रत्येक प्रतीसोबत मेटाडेटासाठी (प्रतीच्या स्थितीच्या नोंदी) एक छोटा उपव्हॉल्यूम लागतो आणि तो त्याच प्रतीच्या डिस्कवर बसावा लागतो. म्हणजे जुन्या डिस्कवरही निदान एक एक्स्टेंट (जागावाटपाचा सर्वात लहान तुकडा, सहसा 4 एमआयबी) मोकळा हवा. ती काठोकाठ भरली असेल तर त्याच डिस्कवरचा स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरली जाणारी जागा) व्हॉल्यूम बंद करून थोडा लहान करा.

'एलव्हीएस -ए' या आज्ञेत दिसणारी सिंकची (प्रत किती पूर्ण झाली त्याची) टक्केवारी 100 होईपर्यंत जुनी डिस्क अजिबात काढू नका. तोवर पूर्ण प्रत तिच्यावरच असते. रूट (ज्यावर सिस्टीम आहे तो) व्हॉल्यूम असेल तर इनिट्रॅमएफएस (सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइल सिस्टीम) नव्याने बनवा आणि त्यात डीएम-रेड (मिरर हाताळणारं) मॉड्यूल आल्याची खात्री करा, नाहीतर रीबूटनंतर रूट सापडणार नाही.

परत एकेरी करताना:

एलव्हीकन्व्हर्ट -एम 0 व्हीजी0/डेटा /डेव्ह/एसडीबी1

शेवटी जी डिस्क लिहाल तिच्यावरची प्रत जाते, म्हणून ते नाव न विसरता द्या.