दोन केबीचे अंक

प्रश्न : पीएचडीसाठी मी एका जुन्या मासिकाचे स्कॅन केलेले अंक उतरवून घेते आहे. भाच्याने शेल स्क्रिप्ट (संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल) लिहून दिली. ती ००१ ते २४० क्रमांक फिरवत कर्ल या नेटवरून फाइली उतरवणाऱ्या प्रोग्रामने एकेक पीडीएफ आणते. सकाळी पाहिलं तर स्क्रिप्ट बिनतक्रार संपलेली, फाइली सगळ्या हजर. पण बऱ्याचशा दोन-दोन केबीच्या, त्या उघडतच नाहीत. काही अर्ध्यावर तुटल्यात. आता सगळं पहिल्यापासून उतरवू का?
— एक वाचक, वाई

उत्तर : पहिल्यापासून अजिबात नको. आधी दोन केबीची एक फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत अंक नसणार. ‘४०४, पान सापडलं नाही’ किंवा ‘३०१, पान हलवलं आहे’ असा एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा, मजकूर असेल. सर्व्हरने जे हातात ठेवलं ते कर्ल मुकाट्याने फाइलीत भरतो, नकाराची चिठ्ठीसुद्धा, आणि वर ‘काम झालं’ अशा अर्थाचा शून्य कोड देतो. अर्ध्या फाइलींचं कारण निराळं. तिथे लाइन मध्येच तुटली. कर्लने तसं सांगितलंही असेल, पण स्क्रिप्टने विचारलंच नाही.

कर्लच ठेवायचा असेल तर त्याला हायफन लावून लहान एफ आणि मोठा एल द्या. (लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ करू नका, अर्थ पार बदलतात.) एफमुळे ४०४ आला की फाइल लिहिली जात नाही आणि २२ हा कोड मिळतो. एलमुळे हलवलेल्या पानाच्या नव्या पत्त्यावर कर्ल आपणहून जातो. शून्याखेरीज कोणताही कोड आला की तो पत्ता ‘राहिलेले’ नावाच्या फाइलीत लिहायचा, एवढी एक ओळ भाच्याकडून घालून घ्या. काय राहिलं हे न सांगणारी स्क्रिप्ट मी तरी रात्रभर चालवणार नाही.

तुमच्या कामाला मात्र मी डब्ल्यूगेट हा कर्लसारखाच दुसरा प्रोग्राम घेईन. तो १९९६ सालचा, रडतखडत चालणाऱ्या लाइनींसाठीच बनवलेला. लाइन तुटली की स्वतःच पुन्हा जोडून घेतो, आपण काही सांगितलं नाही तरी वीस वेळा प्रयत्न करतो. सगळे पत्ते एका फाइलीत ओळीला एक असे लिहा आणि ती हायफन लहान आयने द्या. सोबत हायफन लहान सी लावा, म्हणजे अर्धा अंक जिथे थांबला तिथून पुढे येईल आणि पुरा आलेल्याला हात लागणार नाही.

पण त्याआधी दोन केबीच्या फाइली पुसून टाका. हे विसरलात तर सी त्यांनाच अंकाचा सुरुवातीचा भाग समजेल आणि उरलेली पीडीएफ त्या एरर पानाच्या शेपटाला चिकटवेल. मग आकार बरोबर, फाइल बाद. फाइल नावाचीच एक आज्ञा आहे. तिला फोल्डरभर फिरवलं की कोण खरी पीडीएफ आणि कोण एचटीएमएल ते कळतं.

आणि दोन अंकांमध्ये पाचेक सेकंद थांबा, ‘वेट’ हा पर्याय त्यासाठीच आहे. फुकट वाचायला देणाऱ्या संस्थेचा सर्व्हर आहे, धाड घातल्यासारखे तुटून पडलात तर तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ताच बंद करतील.

प्रश्न : माझ्या लिंकमध्ये ‘अँड’चं चिन्ह (&) आहे. कर्लची आज्ञा दिली की प्रॉम्प्ट (पुढची आज्ञा मागणारी खूण) लगेच परत येतो आणि भलतीच फाइल मिळते.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : ते चिन्ह दिसलं की शेल, म्हणजे तुमच्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, तिथपर्यंतची आज्ञा पार्श्वभूमीत सोडून देतो, पुढचा पत्ता कर्लपर्यंत पोचतच नाही. अख्खी लिंक एकेरी अवतरणचिन्हांत घाला.