लहानपणी जीव लावलेली जादूची कादंबरी मोठेपणी पुन्हा वाचावी का?

वाचा, जरूर वाचा. लहानपणी डोक्यावर घेतलेली कादंबरी आता वाचली तर तिची मजा जाईल का, असं तुम्ही विचारलंय. थोडी जाते. पण माझ्या बाबतीत जी नव्याने आली, तिच्यापुढे गेलेलीचं काहीच वाटलं नाही.

माझी कादंबरी ‘हॅरी पॉटर आणि परीस’, जादूच्या शाळेत जाणाऱ्या पोरक्या हॅरीच्या मालिकेतला पहिला भाग. मूळ इंग्रजी १९९७ चं. मराठी पुस्तक हातात पडलं तेव्हा मी परळीत शाळेत होते. त्यानंतर कित्येक दिवस परळी वैजनाथच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी पुस्तकातला, भिंतीतून शिरून जादूच्या शाळेची गाडी पकडायचा पावणेदहा नंबरचा फलाट शोधायचे, भिंतींना हात लावून बघायचे. घुबडं, उडते झाडू, चॉकलेटचे बेडूक, सगळंच वेड लावणारं होतं.

मागच्या उन्हाळ्यात पुन्हा वाचायला घेतलं. झाडूवरच्या खेळाची, क्विडिचची पानं मी भराभर उलटली. शेवटी परिसापर्यंत पोचताना लागणारे अडथळेही जरा सोयीचे वाटले: उडत्या किल्ल्या हॅरीसाठी, बुद्धिबळ त्याचा मित्र रॉनसाठी, बाटल्यांचं कोडं मैत्रीण हर्मायनीसाठी.

हॅरीच्या मावशीपाशी मात्र मी अडले. आपल्याकडे ‘माय मरो, पण मावशी जगो’ म्हणतात, आणि इथे सख्खी मावशी बहिणीच्या पोरक्या लेकराला जिन्याखालच्या कपाटात झोपवते. तेव्हा ती नुसती दुष्ट बाई होती. आता समुद्रातल्या खडकावरच्या झोपडीत ती जे भडाभडा बोलते ते ऐकू आलं: आईबापांना सारखं लिलीचंच, म्हणजे हॅरीच्या आईचंच कौतुक, घरात जादूगार जन्मली म्हणून अभिमान. २००७ मध्ये आलेल्या सातव्या भागात कळतं की मलाही शाळेत घ्या म्हणून या मावशीने, पेटूनियाने, जादूच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, डम्बलडोरना पत्र लिहिलं होतं. तिचं वागणं त्याने माफ होत नाही, पण तिच्या मनातली ती जुनी ठणक पहिल्याच पुस्तकात लिहून ठेवलेली आहे.

आणि हॅरीच्या वर्गातला नेव्हिल. लहानपणी मला तो बेडूक हरवणारा धांदरट पोरगा एवढाच आठवायचा. मी आता बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात. काही लेकरं त्यांच्यासोबत फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात आणि बरीचशी आजीपाशी. मार्च-एप्रिलपर्यंत मायबाप भेटतात ते फोनवरच. नेव्हिलही आजीपाशी वाढलेला. आजी करारी आहे, नातवाला विसरायची सवय म्हणून आठवण करून देणारा काचेचा गोळा पाठवते. गोळा लाल होतो, म्हणजे काहीतरी विसरलंय. काय विसरलंय ते मात्र त्याला आठवत नाही. या पोराचे आईबाप कुठे आहेत, हे पहिल्या पुस्तकात कोणी विचारतसुद्धा नाही. ते चौथ्या भागात कळतं: छळ सोसून दोघांचं भान हरपलंय, ते दवाखान्यात आहेत. हे ठाऊक असताना त्याची पहिली पानं वाचून बघा. शेवटी हाच पोरगा रात्री दारात उभा राहून हॅरी, रॉन, हर्मायनी या तिघा मित्रांना अडवतो, आणि त्या धाडसाबद्दल डम्बलडोर त्याला गुण देतात. शाळेतल्या गटांच्या वर्षभराच्या चुरशीत हॅरीचा गट आणि विरोधी गट ४७२ गुणांवर बरोबरीत असतात, आणि कप मिळतो तो नेव्हिलच्या या १० गुणांनी. लहानपणी मी कप मिळाला म्हणून उड्या मारल्या होत्या. या वेळी मला फक्त तो दिसत होता, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी गुण दिलेला.

नंतर मी काही प्रकरणं सहावीच्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवली. नाताळच्या सुट्टीत हॅरी शाळेच्या वसतिगृहातच राहतो. मावशीकडून येतं चिठ्ठीला चिकटवलेलं पन्नास पेन्सचं नाणं. रॉनची आई, घरात सात लेकरं आणि पैशांची ओढाताण असताना, हॅरीसाठी हिरवा स्वेटर विणून पाठवते, सोबत घरची मिठाई. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तिनं त्याला टेशनवर एकदाच बघितलं होतं न? तरी विणला?” मग वर्गात बराच वेळ कोणाला कोणी काय दिलं होतं, तेच चाललं. जादूची कांडी राहिली बाजूला.

तुमच्यासाठी एवढंच सांगेन: जुनी प्रत असेल तर तीच काढा, सिनेमा आधी बघू नका, आणि सगळे भाग एका दमात संपवायचा घाट घालू नका. लहानपणी ज्या पात्रावरून तुमची नजर घसरायची, त्याच्यापाशी जरा थांबा. तुमची कादंबरी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही. कळवलंत तर मीही मिळवून वाचेन.