सकाळी थंड गाडी सुरू केली की इंजिन थरथरतं, कधी बंदही पडतं. गरम झाल्यावर ठीक. २००४ ची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर) पेट्रोल गाडी आहे. काय तपासू?

आधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) उघडा. एवढ्या जुन्या गाडीत फक्त थंड असताना आयडलिंग (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू राहणं) बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा आयडल व्हॉल्व्हच्या वाटेत काजळी साचलेली सापडते. थंड इंजिनाला हवा आणि पेट्रोल दोन्ही जास्त लागतं. जादा हवा हा व्हॉल्व्ह सोडतो, पेट्रोल किती वाढवायचं ते ईसीयू (इंजिनाचा संगणक) कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान मोजणारा सेन्सर बघून ठरवतो, आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर तापेपर्यंत ईसीयूची चूक दाखवणारं कुणी नसतं. म्हणून तीच गाडी थोड्या वेळाने शहाण्यासारखी चालते. गॅरेजमध्ये मी पुढे हे बघतो:

- इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडलेले व्हॅक्यूमचे रबरी पाइप हाताने वाकवून बघा. वळणावरची बारीक चीर पाइप सरळ असताना दिसत नाही.
- कूलंट सेन्सर मल्टिमीटरवर: २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. रात्रभर उभ्या गाडीतही ३०० दाखवत असेल तर ईसीयूला इंजिन गरमच वाटतंय, सेन्सर बदला.

प्लग आणि कॉइल त्यानंतर. पुष्कळ ठिकाणी तेच आधी बदलतात, कारण सोपं पडतं. (तीन सिलिंडरची गाडी असेल तर थोडी थरथर जन्मजातच.)

मात्र कूलंट कमी होत असेल आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय घ्या; कूलंटची प्रेशर टेस्ट होईपर्यंत गाडी चालवू नका.