माणूस पोचला नव्हता तिथे रेझिस्टन्स कसा पोचला?

प्रश्न : लाखो वर्षं बंद असलेल्या एका गुहेतल्या बॅक्टेरियांवरही आपली अँटिबायोटिक्स चालत नाहीत असं वाचलं. मग रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देण्याची बॅक्टेरियांची ताकद, आपल्या चुकांमुळे वाढतो असं डॉक्टर सांगतात ते खरं कसं? आणि माझी मुलं रोज मातीत खेळतात, त्यांना काही धोका आहे का?

उत्तर : गुहेचं खरं आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधली लेचुगिया गुहा ती, तिचा खोलवरचा भाग ४० लाख वर्षांपेक्षा जास्त काळ बाहेरच्या जगापासून तुटलेला होता, आणि २०१२ मध्ये जो अभ्यास आला त्यात तिथले काही बॅक्टेरिया तब्बल १४ अँटिबायोटिक्सना पुरून उरले. हे बॅक्टेरिया रोग पसरवणारे नव्हते बरं का. त्याच्या आदल्याच वर्षी कॅनडाच्या युकॉन भागातल्या ३० हजार वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतून व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकला हरवणारे जीन्स (गुण ठरवणारे डीएनएचे भाग) मिळाले होते, आणि हे औषध बाजारात आलं १९५८ मध्ये!

यात नवल वाटतं कारण अँटिबायोटिक ही माणसाने बनवलेली वस्तू आहे असं आपण धरून चालतो. पण बरीचशी अँटिबायोटिक्स मुळात मातीतल्या सूक्ष्मजीवांचीच. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या मातीतल्याच बॅक्टेरियापासून मिळालं. आता जो असं विष बनवतो त्याला आधी स्वतःला वाचवावं लागतं, आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही आपापला जीव वाचवावा लागतो, म्हणून कोणी ते विष तोडणारं एन्झाइम बनवतो, कोणी पंपासारखी प्रोटीन्स वापरून ते पेशीबाहेर फेकतो, कोणी औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलून टाकतो. हे सगळं दवाखाने नव्हते तेव्हापासून चालू आहे.

मग आपला दोष काय? तर दोष आहे, आणि मोठा आहे. निसर्गात असे जीन्स असतात पण विखुरलेले, ते सांभाळायला बऱ्याचदा ऊर्जा खर्च होते, त्यामुळे गरज नसेल तर असा बॅक्टेरिया इतरांच्या मागे पडू शकतो. आपण टनावारी अँटिबायोटिक्स माणसांना आणि जनावरांना देतो, त्यातला बराच भाग शरीरातून जसाच्या तसा बाहेर पडून सांडपाण्यात जातो, आणि तिथे ज्याच्याकडे हा जीन आहे तोच टिकतो आणि वाढतो. बॅक्टेरिया मरतील इतकं औषध पाण्यात असावं लागतं असंही नाही, त्याच्या कितीतरी कमी प्रमाणातही ही निवड होते हे प्रयोगांत दिसलंय. शिवाय बॅक्टेरिया प्लाझ्मिड नावाचे डीएनएचे छोटे गोल तुकडे एकमेकांना देतात, अगदी वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियालासुद्धा. सीटीएक्स-एम हा जीन मूळचा क्लुयव्हेरा नावाच्या, फारसा कधी त्रास न देणाऱ्या बॅक्टेरियाचा, आज तो जगभरच्या ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियामध्ये आहे आणि त्यामुळे लघवीच्या इन्फेक्शनवरची चांगली चांगली औषधं निकामी होतात. माझ्या मते सगळ्यात काळजीची गोष्ट हीच आहे, कारण जीन जुना असला तरी त्याला आजारी माणसापर्यंत आणणारी वाट आपण करून दिली.

मुलांना मातीत खेळू द्या, खरंच. रेझिस्टंट असणं आणि रोगकारक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मातीतले बहुतेक बॅक्टेरिया आपलं काहीच करत नाहीत. खेळून आल्यावर साबणाने हात धुवायचे, खरचटलं तर जखम स्वच्छ करायची, धनुर्वाताची लस वेळेवर द्यायची. जिथे सांडपाणी किंवा जनावरांची घाण साचते तिथे मात्र खेळू देऊ नका. आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या असतील तर त्या बेसिनमध्ये किंवा टॉयलेटमध्ये टाकू नका, औषधं परत घेणारी सोय जवळपास असेल तर तिथे द्या.