शिरेतून दिलेले ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि गाय कोसळणे

प्रश्न : गाय विऊन दोनच दिवस झाले होते. ताप होता म्हणून मानेच्या शिरेतून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक (जंतुनाशक औषध) दिले. इंजेक्शन संपता संपता गाय थरथरली आणि खाली कोसळली. काही वेळाने उठली. औषध बनावट होते का?

उत्तर : औषधावर शंका घेण्याआधी ते किती वेळात दिले, हे आठवा. भराभर दिले असेल, तर अस्सल औषधानेही असे होते.

हृदयाचा प्रत्येक ठोका कॅल्शियमवर चालतो. ठोक्यागणिक थोडे कॅल्शियम बाहेरून पेशीत शिरते, आतला साठा मोकळा होतो आणि स्नायू आवळला जातो. बेडकाचे हृदय कॅल्शियमविना द्रावणात नीट धडधडत नाही, हे ब्रिटिश वैद्य सिडनी रिंगर यांनी १८८३ सालीच दाखवले होते. ऑक्सिटेट्रासायक्लिन नेमके हेच कॅल्शियम धरून ठेवते. मानेच्या शिरेतले रक्त थेट हृदयात जाते, म्हणून घाईने दिलेले औषध तिथे दाट पोहोचते. आकुंचन मंदावते, रक्तदाब घसरतो, जनावर पडते. काही औषधांत द्रावक (औषध विरघळवणारा द्रव) म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉल असते. त्यानेही रक्तदाब उतरतो.

तुमची गाय ताजी व्यायलेली, ही मोठी गोष्ट आहे. निरोगी गायीच्या १०० मिली रक्तात साधारण ८.५ ते १० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. चीक तयार होताना ते झपाट्याने ओढले जाते. मुळातच कमी असलेल्यातून औषधाने आणखी काढून घेतले. म्हणून पशुवैद्यकांना गाय कधी व्याली, हे आधी सांगा. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविकेही स्नायूत कॅल्शियम शिरू देण्यात अडथळा आणतात. दुग्धज्वराने, म्हणजे व्याल्यावर रक्तातले कॅल्शियम घटल्याने, बसलेल्या गायीला ती देताना विशेष जपावे लागते.

औषध बंद करायची गरज नाही. ते पशुवैद्यकाच्या हातून, पातळ करून, सावकाश द्यायचे. कॅल्शियमच्या बाटलीत मात्र ते कधीही मिसळू नका.

आणि गाय पडली म्हणून घाबरून स्वतःच कॅल्शियमची बाटली लावू नका, ही कळकळीची विनंती. शिरेतून वेगाने गेलेल्या कॅल्शियमने ठोके बिघडून हृदय थांबू शकते. औषध देताना जनावर डगमगले, तर सुई तिथेच थांबवा आणि पशुवैद्यकांना बोलवा. ते कॅल्शियम देतील तेव्हा छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत देतील. वेळ लागला, तरी बाटली दाबू नका.