'टॉर्टॉइजशेल'चं भाषांतर करताना

इंग्रजीतून स्पॅनिश किंवा मराठीत भाषांतर करताना 'टॉर्टॉइजशेल' दिसताच 'कासवाचं कवच' लिहून मोकळी होऊ नकोस. आधी बघ, वाक्य वस्तूबद्दल आहे, मांजरीबद्दल की फुलपाखराबद्दल.

वस्तू असेल तर स्पॅनिशमध्ये 'कारेइ'. हेच त्या कासवाचंही नाव, आणि ते कासव समुद्रातलं. इंग्रजी शब्दावरून जमिनीवरचं किंवा आपल्या गोदावरीतलं कासव डोळ्यांसमोर आणू नकोस. त्याच्या पाठीवरच्या खवल्यांच्या पूर्वी फण्या, डब्या, चष्म्याच्या फ्रेम बनत. आज साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे आणि आपल्या 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला संरक्षण दिलंय. त्यामुळे आजच्या जाहिरातीतली फ्रेम बहुधा अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची असते. तिला 'कासवाच्या कवचाची' म्हटलंस तर दुकानदार बेकायदा माल विकतोय असा अर्थ होईल! 'कासवी नक्षीची' लिही. कॉलेज रोडवरच्या एखाद्या चष्म्याच्या दुकानात अशी फ्रेम उजेडात धरून बघ, मधाळ पिवळ्यात तपकिरी डाग दिसतील. वर्णन लिहिताना याचा फार उपयोग होतो.

मांजर असेल तर 'गाता कारेइ', काळा-नारिंगी रंग मिसळलेली. स्त्रीलिंगच वापर, कारण नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं; मांजरीत ते गुणसूत्र दोन आणि बोक्यात सहसा एकच, म्हणून असे बोके क्वचितच सापडतात. मराठीत मला 'काबरी' आवडतं.

फुलपाखराला मात्र 'कारेइ' लावू नकोस. युरोपातल्या छोट्या टॉर्टॉइजशेलला स्पॅनिश लोक 'ओर्तिगेरा' म्हणतात, कारण त्याच्या अळ्या 'ओर्तिगा' ही अंगाची आग करणारी वनस्पती खातात.