जास्त चाललेली मोठी एसयूव्ही घ्यावी का?

प्रश्न: अडीच लाख किमी चाललेली मोठी एसयूव्ही स्वस्तात मिळतीये, इंजिन एकदम स्मूथ आहे, घेऊ का?

उत्तर: इंजिन स्मूथ आहे ते ठीक, पण एवढ्या रनिंगनंतर खिसा रिकामा करतो तो बऱ्याचदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्यामुळे त्याचं ऑइल कधी बदललंय ते बिलासकट विचारा, ‘लाइफटाइम ऑइल आहे हो’ (म्हणजे कधी बदलावंच लागत नाही) असं कोणी म्हणालं तर फार मनावर घेऊ नका. गाडी थंड असताना स्वतः स्टार्ट करा, गिअर उशिरा पडला किंवा झटका बसला तर सरळ सोडून द्या. चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) गंजलेली असेल तरी नकोच. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणारं) असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी एखादा कोपरा खाली बसलाय का बघा, कारण हवा लीक होत असली की हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा चालून चालून तोही जातो. बॉल जॉइंट, बुश, बेअरिंग वगैरे चाकं-सस्पेन्शनच्या झिजणाऱ्या पार्ट्सचं काम निघणारच, वजन केवढंय गाडीचं!